बाळाची मान फिरून फिरून त्याच बाजूला जाते: व्यायाम चालू असूनही फरक का पडत नाही

दीड महिन्याच्या लसीला नेलेलं बाळ टेबलावर ठेवलं की डॉक्टरांच्या लगेच लक्षात येतं. चेहरा डावीकडे, डोकं किंचित उजव्या खांद्याकडे कललेलं, हाताने सरळ केलं तरी सोडल्यावर पुन्हा तिथेच. मानेचे व्यायाम शिकवले जातात, घरी नेमाने होतात आणि पंधरा दिवसांनी फोटो काढला तर तीच मान. इथे बहुतेक घरांत एकतर जोर वाढवला जातो किंवा व्यायामच सुटतात. दोन्ही नको. व्यायाम दिवसाकाठी जेमतेम वीस मिनिटं होतात. उरलेले साडेतेवीस तास गादी, भिंत, दिवा, झोळी आणि पाजायची सवय बाळाची मान जुन्या बाजूला परत नेत असतात. म्हणून आधी ते तास तपासायचे, मग हाताची पद्धत.

एक गोष्ट मात्र लांबवू नका. पहिल्या महिन्यात उपचार सुरू झाले तर बहुतेक बाळांची मान दीडेक महिन्यात दोन्हीकडे पूर्ण फिरू लागते. महिना उलटल्यावर सुरू केले तर साधारण सहा महिने लागतात आणि सहा महिन्यांनंतर सुरू केले तर नऊ-दहा महिने धरून चालावं लागतं. ‘मोठं झालं की आपोआप सरळ होईल’ या भरवशावर गेलेला प्रत्येक महिना पुढे बाळालाच जड जातो.

आधी बाजू नक्की करा

कानामागच्या हाडापासून एक लांब स्नायू तिरका खाली येतो आणि छातीच्या मधल्या हाडाला व गळ्याखालच्या आडव्या हाडाला चिकटतो. तो आखडला की दोन गोष्टी एकदम होतात: डोकं त्याच बाजूला कलतं आणि हनुवटी विरुद्ध बाजूला वळते. उजवा स्नायू घट्ट असेल तर उजवा कान उजव्या खांद्याकडे आणि चेहरा डावीकडे. डॉक्टर याला उजवा टॉर्टिकॉलिस म्हणतात, घरचे मात्र ‘मान डावीकडे आहे’ म्हणतात. कागदावर ‘उजवी’ आणि तोंडी ‘डावी’, या घोटाळ्यात उलट बाजूला व्यायाम होत राहतात. बाळाला दुखत नाही, फरकही पडत नाही, आणि महिना जातो.

पडताळा असा घ्या. बाळाला उताणं ठेवा, चेहरा हळूच उजवीकडे फिरवा, मग डावीकडे. निरोगी मान दोन्हीकडे इतकी फिरते की हनुवटी खांद्याच्या रेषेला पोचते, थोडी पुढेही जाते. जिथे ती आधीच अडते, तीच आपल्याला मोकळी करायची दिशा. फोटो डोक्याच्या बाजूने, वरून, मागच्या कॅमेऱ्याने काढा. सेल्फीचा कॅमेरा पुष्कळ फोनमध्ये उजव्याचं डावं करून दाखवतो. घरात दोन-तीन जण बाळाला सांभाळत असतील तर पलंगाच्या ज्या बाजूला बाळाने बघायला हवंय तिथे एक लाल रिबीन बांधून ठेवा. आजीपासून बाबांपर्यंत सगळ्यांना कळतं.

पुढची सगळी उदाहरणं ‘उजवी बाजू घट्ट, चेहरा डावीकडे’ अशा बाळाची आहेत. तुमच्या बाळाचं उलट असेल तर सगळीकडे उजव्या-डाव्याची अदलाबदल करा.

या मानांना घरी हात लावायचा नाही

ताप आणि एकाएकी आखडलेली मान, वारंवार उलट्या, फुगलेली टाळू, एक हात न हलवणं, दूध ओढताना किंवा श्वास घेताना त्रास, आज डावीकडे तर पुढच्या खेपेला उजवीकडे जाणारी मान, पाजल्यावर धनुष्यासारखं ताठ होऊन मान मागे टाकणं, मुळातच आखूड मान आणि मागे केसांची रेषा खूप खाली: यातलं काहीही असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ, व्यायाम नंतर. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाच्या मानेचे मणके सैल असू शकतात, त्यामुळे त्याची मान डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ताणायची नाही.

दोन ते चार आठवड्यांच्या बाळाच्या मानेत त्याच स्नायूमध्ये आवळ्याच्या बीएवढी किंवा थोडी मोठी टणक गाठ लागली तर घाबरून जाऊ नका. या आजारात ती दिसते आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप विरते. पण ती कसली गाठ आहे हे सोनोग्राफीनेच नक्की होतं, म्हणून दाखवायची. गाठ चोळायची नाही, तेल लावून ‘जिरवायची’ तर मुळीच नाही. वाढत चाललेली किंवा स्नायूच्या बाहेर असलेली गाठ वेगळी, ती दाखवायला थांबायचं नाही.

बाळ पायाळू असेल तर खुब्याचीही तपासणी करून घ्या. पोटात जागा कमी पडल्याने मान आखडते तसा खुब्याचा सांधाही उथळ राहू शकतो. साधारण सहा आठवड्यांच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी होते. हे डॉक्टरांना आपणहून विचारावं.

घर मान कशी परत वळवतं

मुंबईच्या घरात पलंग कोपऱ्यात भिंतीला लावलेला असतो. बाळ भिंतीच्या बाजूला, आई मोकळ्या बाजूला. बाळाच्या उजवीकडे कोरी भिंत आणि डावीकडे आई, खिडकी, ट्यूबलाइट, दांडीवर हलणारे कपडे. पावसाळ्यात घरातच दोरीवर वाळत घातलेली दुपटी पंख्याच्या वाऱ्याने हलतात आणि बाळ त्यांच्याकडे तासन्‌तास बघतं. बाळाची मान डावीकडे जायला आणखी काय हवं?

पलंग हलवायची गरज नाही. बाळाचं डोकं उशाकडे असतं ते पायथ्याकडे करा. आता भिंत त्याच्या डावीकडे आली आणि आई, उजेड, कपडे सगळं उजवीकडे. हा एक बदल अनेक घरांत सगळ्या व्यायामांपेक्षा जास्त काम करतो. पाळण्यातही तेच: डोक्याची बाजू बदला, आणि वर टांगलेलं चिमणाळं मधोमध न ठेवता उजवीकडे सरकवा. दीड-दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं. त्यामुळे लांब कपाटावर ठेवलेलं खेळणं त्याच्या उपयोगाचं नाही, तुमचा चेहरा जवळ हवा.

झोपवायचं पाठीवरच, सपाट आणि घट्ट गादीवर, उशीशिवाय. मान सरळ राहावी म्हणून कुशीवर लोड लावून झोपवू नका. बाळ झोपलं की चेहरा अलगद उजवीकडे करता येतो. पुन्हा डावीकडे गेला तर गाढ झोपेत आणखी एकदा, एवढंच.

झोळीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. साडीच्या झोळीत बाळ गोल होतं, हनुवटी छातीकडे जाते आणि कापड डोक्याला दोन्ही बाजूंनी आवळून आहे त्याच कोनात धरून ठेवतं. आखडलेल्या मानेच्या बाळाला त्यात दोन-तीन तास झोपवणं म्हणजे सकाळी मोकळी केलेली मान दुपारी पुन्हा बांधणं. लहान बाळाचा श्वास अडण्याचा धोका आहे तो वेगळाच. शांत करायला पाच मिनिटं डोळ्यांसमोर झोका द्यावा, झोप लागली की गादीवर घ्यावं. कारची सीट, बाउन्सर आणि प्रॅम यांनाही हेच लागू.

पाजताना बघा. बाटली, वाटी-चमचा किंवा बोंडल्याने पाजत असाल तर बाळ तुमच्या डाव्या हातावर घ्या. असं घेतल्यावर तुम्ही त्याच्या उजवीकडे येता आणि ते तुमच्याकडे बघायला उजवीकडे वळतं. अंगावर पाजताना पुष्कळ बाळं एका बाजूला नीट पितात आणि दुसरीकडे घेतलं की रडतात, मान मागे टाकतात. दूध कमी आहे असं समजून घरात काळजी सुरू होते. खरं कारण बहुधा मानेचा कोन. एका बाजूचं पिऊन झालं की बाळाला न उलटवता, त्याच दिशेने तसंच सरकवून दुसऱ्या बाजूला न्या, म्हणजे त्याचे पाय तुमच्या काखेखालून मागे जातील. पितं की नाही बघा. पिऊ लागलं तर दुखणं मानेचं होतं.

ढेकर काढायला खांद्यावर घेतलं की डावा गाल खांद्यावर टेकवा, म्हणजे चेहरा उजवीकडे राहतो. पाठ थोपटायच्या आधीचे दोन सेकंद, पण दिवसातून आठ-दहा वेळा.

मानेच्या घडीत बघितलंत का?

हे कारण सहज सुटतं आणि आपल्या दमट हवेत फार आढळतं. डोकं ज्या बाजूला कललेलं असतं तिथली मानेची वळी दिवसभर मिटलेली राहते. त्यात दूध ओघळतं, घाम साचतो, मालिशचं तेल आणि पावडर मिसळून पांढरट लगदा होतो. वळी उघडली की आत लाल, ओलसर, कधी सोललेली कातडी दिसते, आंबूस वास येतो. अशी मान कोणी ताणली तर बाळ किंचाळणारच. घरचे समजतात व्यायाम दुखतोय.

पातळ सुती कापड कोमट पाण्यात भिजवून पिळा, वळी दोन बोटांनी अलगद उघडा, पुसू नका, टिपा. मग कोरड्या कापडाने पुन्हा टिपा आणि दोन मिनिटं पंख्याखाली उघडी ठेवा. सकाळ, दुपार, रात्र आणि दूध ओघळलं की लगेच. पावडर नको, तेल नको. लाली दोन-तीन दिवसांत उतरली नाही किंवा कडेने बारीक लाल पुटकुळ्या उठल्या तर बुरशी असू शकते, डॉक्टरांचं मलम लागेल. कातडी बरी होईपर्यंत ताणाचे व्यायाम थांबवले तरी गादीची दिशा आणि पाजण्याची बाजू चालूच ठेवा.

ताण देताना हात कुठे

पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकून घ्या, त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने करून दाखवा. मुंबईत परळचं वाडिया बालरुग्णालय, केईएम, सायन, नायर, तसंच हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, इथे फिजिओथेरपीची सोय आहे. ज्यांना लांब जाणं जमत नाही त्यांनी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसीच्या खेपेला तरी मान आवर्जून दाखवावी.

वेळ: आंघोळीनंतर, अंग ऊबदार असताना. पाजल्यावर अर्धा-पाऊण तास नाही. जागा: जमिनीवर चटई आणि दुपटं. दोघे असाल तर उत्तम, एकाने खांदे धरायचे.

पहिला ताण फिरवण्याचा. बाळ उताणं. एका तळव्याने डावा खांदा गादीवर हलकेच टेकवून ठेवा, कारण मान उजवीकडे फिरली की हाच खांदा उचलला जातो आणि बाळ अख्खं वळतं. मान जागेवरच राहते आणि आपल्याला वाटतं झाला व्यायाम. दुसरा तळवा गालाला आणि कानामागे, बोटं पसरलेली, गळ्यावर एकही बोट नाही. चेहरा उजवीकडे अडेपर्यंत न्या, तिथे थांबा. १० पर्यंत मोजा, सवय झाली की ३० पर्यंत.

दुसरा ताण कलवण्याचा. उजवा खांदा खाली टेकवून धरा, डोक्याखाली हात घेऊन डावा कान डाव्या खांद्याकडे न्या. नाक छताकडेच हवं. चेहरा वळला तर ताण निसटला.

प्रत्येकी ३ ते ५ वेळा, दिवसातून चार ते सहा खेपा. डायपर बदलताना एकेक खेप उरकली की वेगळा वेळ काढावा लागत नाही. फिजिओथेरपिस्टने वेगळा आकडा सांगितला असेल तर तोच पाळा.

बाळ कुरकुरलं तर गाणं म्हणत थोडं सैल धरा. जोरात रडून मान उलट ढकलू लागलं तर सोडून द्या. रडताना तो स्नायू आवळलेला असतो आणि आवळलेला स्नायू लांबत नाही, जोर केला तर इजा मात्र होते. चेहऱ्याचा रंग बदलला, श्वास अडखळला, किंवा हाताखाली अचानक काही सुटल्यासारखं जाणवलं तर लगेच थांबा आणि दाखवा.

तिसरा प्रकार व्यायाम वाटतच नाही, म्हणून तो सगळ्यांत जास्त होतो. बाळाची पाठ तुमच्या छातीला, उजवी कूस खाली. त्याचं डोकं तुमच्या उजव्या हाताकडे येईल. उजवा हात त्याच्या कान आणि खांद्याच्या मधून खाली घाला, डावा हात पायांमधून घेऊन धड पेला. तुमचा हात उजवा कान खांद्यापासून अलगद वर उचलतो आणि घट्ट बाजू लांबते. असं घेऊन गॅलरीत उभं राहा, खालची रिक्षा, समोरची गाडी, कावळे दाखवा. पाच-दहा मिनिटं सहज जातात. आजोबांना द्यायला हा व्यायाम सर्वांत चांगला.

मालिशवाल्या मावशींशी प्रेमाने पण नीट बोलून घ्या. हातापायांचं मालिश चालू द्या. डोकं धरून उचलणं, पाय धरून उलटं करणं, मानेला झटका देऊन ‘कट’ काढणं, हे बंद. त्या सकाळी येतात तेव्हा घरातल्या कोणीतरी शेजारी बसावं.

पालथं पाडलं की रडतं

पालथं राहिल्याशिवाय मानेचा मागचा भाग आणि खांदे बळकट होत नाहीत. शिवाय पालथं असताना डोकंही गादीवर दाबलं जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेलं प्रमाण, अजून रांगत नसलेल्या बाळासाठी, जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं. एकदम नाही. सुरुवात दोन-तीन मिनिटांनी, दिवसातून चार-पाच वेळा. सपाट जमिनीवर रडणारं बाळ तुमच्या छातीवर, तुम्ही मागे टेकून बसलेले असताना, सहसा रडत नाही. दुपट्याची लहान गुंडाळी काखांखाली दिली की तोंड गादीत रुतत नाही. खुळखुळा उजवीकडून वाजवा. डोळा लागला की लगेच उताणं.

सुधारून पुन्हा कललं

चार-पाच महिन्यांत मान छान फिरायला लागते आणि एक दिवस पुन्हा तीच जुनी ढब दिसते. सर्दी, दात, अपुरी झोप, किंवा नवं कौशल्य: बसणं, रांगणं, उभं राहणं. नवीन काम शिकताना शरीर जुन्या सवयीचा आधार घेतं. हनुवटी दोन्ही खांद्यांना सारखीच पोचत असेल तर स्नायू पुन्हा आखडलेला नाही. आठवडा-दोन आठवडे व्यायामांच्या खेपा वाढवा. हनुवटी अडत असेल किंवा दोन आठवड्यांत फरक नसेल तर परत फिजिओथेरपिस्टकडे.

कधी मान पूर्ण फिरते पण कल जात नाही. तिथे ताणून उपयोग नाही. डावी बाजू कमकुवत राहिलेली असते, तिला काम द्यायचं. बाळ मान धरायला लागलं, म्हणजे साधारण तीन-चार महिन्यांनंतर, आरशासमोर त्याला छातीपाशी दोन्ही हातांनी धरून उभं घ्या आणि अख्खं अंग हळूहळू उजवीकडे कलवा. डोकं सरळ ठेवायला बाळ डावीकडची मान स्वतः उचलतं. पाच सेकंद, परत मधे, पाच वेळा. डोकं लोंबकळलं तर कल कमी करा.

फिरणं किती ते बघायला या वयात सोपी युक्ती: फिरत्या स्टुलावर बाळाला मांडीवर घेऊन बसा, समोर आवडतं माणूस उभं करा आणि तुम्ही स्टूल सावकाश एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवा. बाळ त्या माणसावर नजर धरून ठेवतं. कुठल्या बाजूला आधी नजर सोडली ते टिपून ठेवा, पुढच्या महिन्यात ताडून बघा.

चपटं झालेलं डोकं

डावीकडे तोंड करून झोपणाऱ्या बाळाचं डोकं मागे डावीकडे चपटं होतं. वरून बघितलं तर डावा कान किंचित पुढे आलेला दिसतो. हे दाबामुळे. कान उलट मागे गेलेला असेल किंवा कवटीवर हाडाची टणक धार लागत असेल तर कवटीचा सांधा वेळेआधी जुळलेला असू शकतो, ते लगेच दाखवायचं.

मोहरीची उशी घालू नका. बाळ डोकं ठेवतं तिथे मोहरी बाजूला सरून खळगा होतो आणि डोकं पुन्हा त्याच खळग्यात जातं. झोपेत नाक-तोंड दबण्याची भीती राहते, आणि आखडलेला स्नायू त्याने सैल होत नाही. तेल लावून डोकं ‘गोल करणं’ही थांबवा. मान मोकळी झाली, दाब हलला, की पहिल्या वर्षात वाढणारं डोकं बरंच भरून येतं. चपटेपणा जास्त असेल तर हेल्मेटचा विचार चार-पाच महिन्यांच्या सुमारास डॉक्टरांशी करावा. उशिरा घातलं तर त्याचा उपयोग घटत जातो. महिन्यातून एकदा, केस ओले असताना, वरून फोटो काढला की फरक नीट कळतो.

कधी थांबायचं

मान दोन्हीकडे सारखी फिरते, कल दिसत नाही, बाळ दोन्ही हात सारखेच वापरतं आणि दोन्ही कुशींवरून पालथं पडतं, तेव्हा फिजिओथेरपिस्ट व्यायाम थांबवायला सांगतात. तरी चालायला लागल्यावर एकदा पुन्हा दाखवा, कारण कल उरला असेल तर तो तेव्हा डोकं वर काढतो. वर्षभर नीट उपचार होऊनही मान अडतच असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ स्नायू सैल करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल बोलतील. अशी वेळ थोड्याच बाळांवर येते.

आणि एक बाळ असं असतं की ज्याची मान झोपल्यावर सरळ, हाताने फिरवली तर सगळीकडे मोकळी, पण बसवलं की डोकं कलतं. त्याची मान ताणत बसू नका. एका डोळ्याचा स्नायू कमजोर असेल तर दोन प्रतिमा एकावर एक आणायला मूल डोकं तिरकं धरतं. त्याला बालनेत्रतज्ज्ञांकडे न्या, आणि बसलेलं असताना समोरून काढलेले तीन-चार फोटो सोबत ठेवा.